आधी आवाज वाचवा

वसईजवळच्या गासमध्ये लग्न असो, बाप्तिस्मा असो, मुलांचं पहिलं कम्युनियन असो की चर्चचा सण, दहा-पंधरा मोबाइल तरी वर उचललेले असतातच. प्रसंग संपतो, क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर इकडून तिकडे जातात आणि फोन भरला की पुसल्या जातात. दुसरीकडे, कपाटाच्या माथ्यावर जुन्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट आणि त्यानंतरच्या काळातल्या सीड्या पडून आहेत. अलीकडे बऱ्याच घरांत कॉलेजातली मुलं, निवृत्त झालेले काका स्वतःच लॅपटॉपवर मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओचं एडिटिंग, करायला बसतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण सुरुवातीलाच ओठ आधी आणि आवाज नंतर, मराठी नावांची तुटलेली अक्षरं, ६२ टक्क्यांवर अडकून बसलेली फाईल अशा अडचणी येतात आणि काम अर्धवट राहतं. त्यांतून वाट कशी काढायची ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. सोबत एक आग्रहाची विनंती आहे: चित्र कितीही कापा, माणसांचा आवाज कापू नका.

आपल्याकडे लग्नाच्या मिक्सिंगचा एक साचा पडून गेला आहे. मांडवातला सगळा आवाज बंद करायचा आणि वरून सिनेमाची तीन-चार गाणी सोडायची. त्यामुळे जुन्या कॅसेटमध्ये आजी दिसते, बायकांच्या घोळक्यात बसून गाताना दिसते, पण ऐकू येतं हिंदी गाणं. ती काय गात होती, कुणाला काय चिडवत होती, ते गेलं. कादोडी म्हणजेच सामवेदी ही आपल्या कुपारी ख्रिस्ती घरांची बोली, आणि सामवेदी ब्राह्मण घरांचीही. ती शाळेत शिकवत नाहीत. ती स्वयंपाकघरात, वाडीत आणि मांडवातच बोलली जाते. मुलं इंग्रजी शाळेत, कुणाची नातवंडं परदेशात. अशा वेळी आपल्याच घरातली म्हातारी माणसं नेमकी कशी बोलायची, कुठला शब्द कसा ओढायची, याची नोंद बाहेर कुठल्या ग्रंथालयात मिळणार नाही. ती तुमच्या फोनमधल्या हलत्या, अंधाऱ्या, वाकड्या कोनातून घेतलेल्या क्लिपेत आहे. म्हणून छान चित्र आणि स्पष्ट बोलणं यांतलं एकच ठेवायची वेळ आली, तर बोलणं ठेवा.

हे काम घरी होत नाही, त्याला स्टुडिओ लागतो, असं मनात असेल तर ते काढून टाका. दादासाहेब फाळक्यांनी १९१२-१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा दादरचं राहतं घरच त्यांचा कारखाना होतं. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाई त्यांच्याबरोबर असत, आणि घरच्या माणसांचं जेवणखाणही त्याच बघत. मालेगावात नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता व्हीसीआरवर कापाकापी शिकून घेतली आणि २००० साली 'मालेगाव के शोले' उभा केला. त्यांच्याकडे होतं त्यापेक्षा तुमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये कितीतरी जास्त आहे. फाळक्यांच्या बाबतीतली दुसरी गोष्टही ध्यानात ठेवा: 'राजा हरिश्चंद्र'ची पूर्ण प्रत आज कुठेच मिळत नाही.

तेव्हा सॉफ्टवेअर उघडण्याआधी मूळ फाईल जपायच्या. प्रत्येक प्रसंगाचा एक फोल्डर करा आणि त्याचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. आत मूळ क्लिपांना एक खण, वेगळ्या घेतलेल्या आवाजाला एक, तयार झालेल्या व्हिडिओला एक. फोल्डर-फाईलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवलेली बरी, कारण काही प्रोग्रॅम देवनागरी नावाची फाईल उघडताना अडतात. मूळ क्लिपांच्या खणात एकदा टाकलेलं काही पुसायचं नाही, बदलायचं नाही. मिक्सिंग पुढे दहा वर्षांनी कुणीतरी पुन्हा, तुमच्यापेक्षा चांगलं करू शकेल. मूळ क्लिप गेली की ती संधीच संपते.

नातेवाइकांकडून क्लिपा गोळा करताना त्या व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून मागवू नका. पाठवताना ते चित्र दाबून लहान करतं आणि आवाजही पातळ होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी येते. किंवा सरळ घरी जाऊन केबलने उतरवून घ्या. एकाच गावात कुणाचं घर असं लांब असणार?

क्लिपा अशा एका जागी उतरवून ठेवल्या की एक नेहमीची अडचणही सुटते. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडावा तर सगळीकडे लाल चौकोन, 'फाईल सापडत नाही' असा निरोप. लोक घाबरतात, केलेलं काम गेलं असं वाटतं. काम कुठेही गेलेलं नसतं. प्रोजेक्टच्या फाईलमध्ये व्हिडिओ नसतोच, तो कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता तेवढा असतो. तुम्ही क्लिपा पेन ड्राइव्हवरून थेट घेतल्या आणि पेन ड्राइव्ह काढून नेला, किंवा फोल्डरचं नाव बदललं, की पत्ता चुकतो. पेन ड्राइव्ह परत लावा, क्लिपा लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये उतरवा आणि सॉफ्टवेअरला 'रीलिंक' किंवा 'लोकेट' मधून नवी जागा दाखवा. एक फाईल दाखवली की बाकीच्या बहुतेक वेळा आपोआप सापडतात.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, यावर मी फार वेळ घालवणार नाही. विंडोजचा जुना मूव्ही मेकर अनेकांच्या हाताला बसला होता, पण मायक्रोसॉफ्टने तो १० जानेवारी २०१७ ला बंद केला. त्या नावाने आज जे शोधून मिळतं त्यात पैसे उकळणारे बनावट प्रोग्रॅम आहेत, त्यांच्या नादी लागू नका. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प येतोच. छोट्या कामाला तो पुरतो. अ‍ॅपलच्या मशीनवर आयमूव्ही फुकट आहे. लॅपटॉप साधा असेल आणि काम मोठं असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्या, दोन्ही मोफत. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती फार ताकदीची आहे, पण तिला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. ८ जीबीच्या मशीनवर ती चालवायला गेलात तर दोष तिचा नाही. कुणी 'क्रॅक' करून दिलेलं महाग सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो आणि ज्या फोल्डरमध्ये आईच्या लग्नाची एकुलती एक प्रत आहे तोच फोल्डर कुलूपबंद होतो.

आता सगळ्यांत जास्त छळणारी अडचण: ओठ आणि आवाज जुळत नाहीत. यात आधी एक तपासणी करा. व्हिडिओच्या सुरुवातीला पाहा, मग शेवटाला पाहा. फरक दोन्हीकडे सारखाच असेल तर आवाजाची पट्टी चित्रापासून सुटी करून तेवढी पुढे-मागे सरकवा, काम झालं. पण सुरुवातीला सगळं बरोबर आणि पुढे पुढे फरक वाढत जात असेल, तर कारण वेगळं आहे. मोबाइल दर सेकंदाला ठरलेल्या संख्येने चित्रं घेत नाही. प्रकाश कमी झाला, फोन तापला, की तो कधी ३० घेतो, कधी २७, कधी २४. फोनवर पाहताना हे कळत नाही, कारण फोन आपला हिशेब जाणतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र बऱ्याचदा सगळीकडे ३० धरून चालतं, आणि तासाभराच्या मिस्सात वेदीवरचे फादर शेवटी शेवटी भलत्याच वेळी बोलू लागतात.

यावर उपाय एडिटिंग सुरू करण्याआधीचा आहे. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्रॅम घ्या, क्लिप त्यात टाका आणि व्हिडिओच्या पानावर 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून नवी फाईल बनवा. एडिटिंग त्या नव्या फाईलवर करा. मूळ क्लिप जागेवर राहू द्या. शॉटकटमध्ये अशी क्लिप घेतली तर तो स्वतःच विचारतो की एडिटिंगला सोयीची करून देऊ का. 'हो' म्हणा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. अर्धं एडिटिंग झाल्यावर हे लक्षात आलं तर तुकडे तुकडे सरकवत बसण्यापेक्षा क्लिपा बदलून पुन्हा सुरुवात केलेली लवकर होते.

तीन-चार फोनचं शूटिंग एकत्र जुळवायचं असेल तर एक ठळक आवाज खूण म्हणून धरा. मिस्सा असेल तर वेदीवरची घंटा उत्तम. आवाजाच्या नक्षीत, म्हणजे वेव्हफॉर्ममध्ये, ती उंच, टोकदार दिसते. सगळ्या फोनमधली तीच घंटा एका रेषेत आणली की उरलेलं आपोआप जुळतं. लग्नाच्या मिरवणुकीत बँडच्या ढोलाचा पहिला ठोका चालतो. काहीच नसेल तर शूटिंग सुरू करताना कुणालातरी एक जोरदार टाळी वाजवायला सांगा.

क्लिप उघडते पण अडखळत चालते, किंवा आवाज येतो आणि चित्र काळं, असं झालं तर फोनने ती एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने दाबून ठेवलेली असते. ती जागा वाचवते पण जुन्या लॅपटॉपला ती उलगडताना दम लागतो. हँडब्रेकमधून एच.२६४ करून घ्या, किंवा सॉफ्टवेअरमधला 'प्रॉक्सी' पर्याय चालू करा. मग ते एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती वापरतं आणि शेवटी मूळ फाईलींतूनच व्हिडिओ काढतं. पुढच्या वेळेसाठी फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' बंद करून ठेवा. नव्या फोनांत 'एचडीआर' चालू असतं, त्यामुळे लॅपटॉपवर चेहरे पांढुरके, भाजल्यासारखे दिसतात. घरच्या कामाला तेही बंद बरं.

हॉलमध्ये घेतलेल्या व्हिडिओत दिव्यांच्या काळ्या पट्ट्या वरखाली सरकतात, ते का? आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. ३० चित्रांच्या गतीने घेतलं की हा हिशेब जुळत नाही. फोनमध्ये २५ किंवा ५० ची गती निवडा. आयफोनमध्ये त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'पाल फॉरमॅट' दाखवण्याचा पर्याय आधी चालू करावा लागतो. शटर हाताने ठरवता येत असेल तर एकपन्नासांश किंवा एकशतांश ठेवा. एकदा पट्ट्या आल्या की एडिटिंगमध्ये त्या नीट जात नाहीत.

आवाजाचंही तसंच आहे. ब्रास बँडच्या पुढ्यात उभं राहून घेतलेला आवाज फाटतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याची नक्षी पाहा: शेंडे सपाट कापलेले दिसतील. कापलेलं परत येत नाही, आवाज कमी केलात तरी फाटलेलाच हळू ऐकू येतो. बँडपासून पंधरा-वीस पावलं लांब उभे राहा. उलट, माणूस बोलत असेल तर जितकं जवळ जाता येईल तितकं जा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. माझा आग्रह असा की दुसरा एक फोन फक्त आवाजासाठी ठेवा: एअरप्लेन मोडवर, व्हॉइस रेकॉर्डर चालू करून, बोलणाऱ्याजवळच्या टेबलावर. चर्चमधल्या विधीसाठी आधी फादरांना विचारा. परवानगी मिळाली तर ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याकडून मिक्सरचा आवाज थेट घेता येतो, आणि प्रवचनाचा शब्द न् शब्द स्वच्छ मिळतो.

पंख्याची किंवा पंपाची सततची घरघर ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये बरीच कमी होते. जिथे कुणी बोलत नाही, फक्त घरघर आहे, असा दोनेक सेकंदांचा तुकडा निवडा, 'नॉइज रिडक्शन'मध्ये जाऊन त्याचा नमुना घ्यायला सांगा, मग पूर्ण आवाज निवडून तीच क्रिया पुन्हा करा. हात राखून करा. जास्त घासलात तर घरघर जाते पण बोलणं पोकळ, पाण्याखालचं लागतं. थोडी घरघर राहिलेली चालते. कोंबडा आरवला, शेजारच्या वाडीतून हाक आली, ते तर मुळीच काढू नका.

एकाच कानात आवाज येतो, ही जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या व्हिडिओंची ठरलेली तक्रार आहे. लाल आणि पांढऱ्या पिनांपैकी एक सैल राहिलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये 'कॉपी चॅनल' किंवा 'मोनो' असा पर्याय असतो. ज्या बाजूला आवाज आहे ती दोन्हीकडे वाजवा.

कॅसेटचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबून सांगते, कारण इथे वेळ खरोखर कमी उरला आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आज जगात जे व्हीसीआर चालू आहेत ते झिजतच जाणार. आपली हवा समुद्राची, दमट. कॅसेटच्या आतल्या पट्टीवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पट्टीच्या गुंडाळीवर पांढरे डाग दिसले तर ती कॅसेट अजिबात व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी यंत्राच्या डोक्याला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागत जाते. अशी कॅसेट वेगळी ठेवा आणि जाणत्याकडून साफ करून घ्या. चांगली दिसणारी कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, मगच उतरवायला लावा.

दुकानात देऊन उतरवून घेणार असाल तर चार गोष्टी आधीच ठरवा. आवाज बदलायचा नाही, वर गाणं टाकायचं नाही. चित्र मूळ चौकोनी आकारातच हवं, टीव्ही भरावा म्हणून ताणायचं नाही. ताणलं की नवरा-नवरी दोघंही जाडजूड दिसतात. फाईल पेन ड्राइव्हवर हवी, पुन्हा डीव्हीडीवर नको. आणि कॅसेट परत हवी, ती टाकून द्यायची नाही.

उतरवलेल्या व्हिडिओत हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. बिघाड समजू नका. जुना टीव्ही एक चित्र दोन हप्त्यांत दाखवायचा, आधी विषम ओळी, मग सम ओळी, सेकंदाला ५० हप्ते. आजचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो म्हणून रेघा दिसतात. हँडब्रेकच्या फिल्टरच्या पानावर 'डीइंटरलेस' मध्ये 'याडिफ' आणि त्यात 'बॉब' निवडा. रेघाही जातात आणि हालचालही मऊ राहते.

डीव्हीडीची तऱ्हा निराळी. तिच्यात 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असतो आणि आत एकेक जीबीचे तुकडे. ते तुकडे सुटे सुटे घेतले तर जोडावर आवाज उडी मारतो. पूर्ण फोल्डर आधी लॅपटॉपवर घ्या आणि मेकएमकेव्ही किंवा हँडब्रेकमधून त्याची एकच सलग फाईल करा. व्हीसीडीवरची 'डॅट' फाईल उघडत नसेल तर तिच्या प्रतीचं शेपूट बदलून 'एमपीजी' करा, बहुतेक वेळा उघडते. ज्या सीड्या अजून वाचल्या जातात त्या या पावसाळ्याआधी उतरवा.

आता गाण्यांकडे येऊ. गाणं टाकूच नका असं मी म्हणत नाही. मिरवणूक, सजावट, जेवणाच्या पंगती यांवर टाका. पण बोलणं आलं की गाणं खाली उतरवा. बोलण्याचे उंच शेंडे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि त्याखालचं संगीत उणे २५ ते उणे ३०. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप करणारा 'डकिंग' पर्याय असतो. आणि बायका गात असतील तर दुसरं संगीत पूर्ण बंद करा. ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ द्या, कंटाळवाणं वाटलं तरी. आज वीस वर्षांच्या मुलाला जे लांबलेलं वाटतं, तेच पुढे त्याला पूर्ण हवं असतं.

सिनेमाच्या गाण्यामुळे आणखी एक पेच येतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीत आणि त्यासोबतच्या सोहळ्यात गाणी वाजवायला सूट आहे. तेच गाणं व्हिडिओवर चढवून यूट्यूबवर टाकणं हा वेगळा प्रकार. यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते आणि व्हिडिओचा आवाज बंद करू शकते किंवा तो अडवू शकते. यूट्यूबवर टाकायची प्रत वेगळी करा, त्यात यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं मोफत संगीत घ्या किंवा बँडचा, मांडवाचा मूळ आवाज. मात्र वाजवलेलं सिनेमाचं गाणं मूळ आवाजात मिसळलेलं असलं तरी यंत्रणा ते पकडते, हे ध्यानात असू द्या. घरच्या व्हिडिओला 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे ज्यांच्यापर्यंत दुवा पोहोचेल तेच पाहतील.

नावं आणि ओळी मराठीत लिहिताना अक्षरं फुटतात. 'ख्रिस्त' लिहावं तर पाय मोडलेला ख, सुटा र आणि भलतीकडे गेलेली वेलांटी. दोन कारणं असतात. एक, जुन्या पद्धतीचा फाँट. कृतीदेवसारखे फाँट युनिकोडचे नाहीत, ते सोडा आणि मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी असे मोफत युनिकोड फाँट घ्या. दुसरं, खुद्द सॉफ्टवेअरलाच जोडाक्षरं जमत नाहीत. मग त्याच्याशी भांडू नका. नावाची पाटी लिब्रेऑफिस किंवा इंकस्केपमध्ये बनवा, पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र म्हणून साठवा आणि ते चित्र व्हिडिओवर ठेवा. चित्रातली अक्षरं फुटत नाहीत. तयार झाल्यावर नावं एकदा घरातल्या मोठ्या माणसाकडून वाचून घ्या, आडनावाची वेलांटी चुकली की ती कायमची राहते.

बोलणं कादोडीत असेल तर खाली मराठी ओळी जरूर द्या. परदेशात वाढलेल्या नातवंडांसाठी त्यांची गरज आहे. जमलं तर दोन प्रकारच्या ओळी बनवा, एक कादोडीतच देवनागरी लिपीत, जसं बोललं तसं, आणि दुसरी प्रमाण मराठीत. या ओळी व्हिडिओत भाजून टाकण्यापेक्षा वेगळ्या 'एसआरटी' फाईलमध्ये ठेवा. ती साधी मजकुराची फाईल असते, नोटपॅडमध्ये उघडते, पुढे सुधारता येते. फक्त साठवताना 'एन्कोडिंग'मध्ये यूटीएफ-८ निवडा. 'एएनएसआय' राहिलं तर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. व्हिडिओ आणि एसआरटी यांची नावं सारखी ठेवून एका जागी ठेवलीत तर बहुतेक टीव्ही त्या ओळी आपोआप दाखवतात.

शेवटचा टप्पा व्हिडिओ बाहेर काढण्याचा, आणि तिथे फाईल अडकते. दरवेळी एकाच टक्क्यावर अडकते का ते पाहा. ४० मिनिटांचा व्हिडिओ ६२ टक्क्यांवर थांबत असेल तर गडबड साधारण २५ व्या मिनिटाजवळ आहे. तिथली क्लिप, फोटो किंवा इफेक्ट काढून पुन्हा काढून पाहा. निघालं, तर दोषी सापडला. ती क्लिप हँडब्रेकमधून नवी करून परत लावा. फार मोठे, थेट कॅमेऱ्यातून आलेले फोटोही अशी अडवणूक करतात, ते आधी लहान करून घ्या. दरवेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर डिस्क भरलेली असते किंवा लॅपटॉप तापलेला. मे महिन्यात गादीवर ठेवून काम करू नका, टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उचला. वीज जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा आणि मोठं काम बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच सुरू करा.

वीज गेली किंवा फोनची बॅटरी संपली म्हणून शूटिंग मध्येच तुटलं आणि ती फाईल उघडतच नसेल, तरी पुसू नका. फाईलची अनुक्रमणिका बहुतेक वेळा अगदी शेवटी लिहिली जाते, ती तेवढी राहिलेली असते. त्याच फोनने, त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली क्लिप नमुना म्हणून देऊन अनट्रंक नावाचा मोफत प्रोग्रॅम पुष्कळदा ती दुरुस्त करतो. तोवर त्या फोनवर नवं शूटिंग करू नका.

व्हिडिओ बाहेर काढताना एमपी४, एच.२६४, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ, आणि चित्रांची गती मूळ क्लिपांचीच ठेवा. पूर्ण एचडीला १० मेगाबिटचा दर पुरतो. त्या दराने तासाभराचा व्हिडिओ साधारण साडेचार जीबी होतो, आणि इथे पुष्कळजण फसतात: पेन ड्राइव्हमध्ये जागा ३० जीबी, तरी फाईल जात नाही. पेन ड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीचा असतो आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही. त्यातलं सगळं आधी बाहेर काढून तो 'एक्सफॅट' करा. घरातला टीव्ही जुना असेल आणि एक्सफॅट वाचत नसेल तर दर ८ मेगाबिट करा, तासाचे ३.६ जीबी होतील.

मग प्रती. तीन ठेवा, निदान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपाऱ्यात घराघरांत पाणी शिरलं होतं. खालच्या कप्प्यात एकाच हार्ड डिस्कवर सगळं ठेवलं तर एका रात्रीत जाऊ शकतं. एक हार्ड डिस्क घरात उंचावर, हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून. दुसरी बहिणीकडे किंवा मामाकडे. निवडक भाग क्लाउडवर, गुगलचे १५ जीबी फुकट असतात. बंद पडून राहिलेली डिस्कही खराब होते, म्हणून सहा महिन्यांतून एकदा ती लावून दोन-चार फाईल उघडून पाहायच्या.

आणि जुना व्हिडिओ उतरवून झाला की तो घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसासमोर लावा. शेजारी फोन रेकॉर्डिंगवर ठेवा, पंखा बंद करा. पडद्यावर जो दिसेल तो कोण, कुठल्या घरातला, कुणाचा कोण, हे त्यांना सांगू द्या, त्यांच्याच बोलीत, मध्ये न अडवता. ती आवाजाची फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि नावं एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये, व्हिडिओत ती व्यक्ती येते त्या मिनिटासह, लिहून काढा.